आपल्या पॅनवर परक्याने जीएसटी नोंदणी घेतली असेल, तर पहिल्यांदा काय करावे?

सांगली जिल्ह्यातील एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा भाऊ एमआयडीसीतील एका कारखान्यात काम करतो आणि त्याचा पगार महिना साधारण 18,000 रुपये आहे. त्याला प्राप्तिकर विभागाची नोटीस आली असून त्याच्या पॅनवर 1 कोटी 40 लाख रुपयांची व्यापारी उलाढाल दिसते, तिचा खुलासा करा, असे तीत म्हटले आहे. भावाने आयुष्यात कधी व्यापार केलेला नाही. त्यानंतर आठवडाभरातच एका इसमाचा फोन आला. आपण राज्यकर अधिकारी आहोत, असे त्याने सांगितले, व्हॉट्सअ‍ॅपवर अटक वॉरंट म्हणून एक कागद पाठवला आणि प्रकरण मिटवायचे असेल तर 45,000 रुपये पाठवा, असे सुनावले. ही दोन्ही कामे एकाच टोळीची आहेत का, यातले खरे कोणते, जीएसटी नोंदणी आता तीन दिवसांत मिळते म्हणतात तर असे प्रकार वाढणार का आणि आम्ही सर्वात आधी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

विक्रीकराच्या काळापासून, म्हणजे 2005 मध्ये व्हॅट येण्याच्याही आधीपासून, मी कर सल्लागार म्हणून काम करत आहे. त्या अनुभवावरून आधी मुख्य गोष्ट सांगतो. फोन बहुधा खोटा आहे आणि नोटीस बहुधा खरी आहे. पण घरोघरी याच्या नेमके उलट घडताना मी पाहतो. फोनच्या धाकाने लोक पैसे पाठवतात आणि ‘आपण तर काही केलेलेच नाही’ म्हणून नोटीस कपाटात ठेवून देतात. त्या नोटिशीला दिलेले लेखी उत्तर आणि त्यावर घेतलेली पोच हाच आपल्या भावाचा खरा बचाव आहे. तो जितक्या लवकर उभा राहील तितके बरे.

फोनचा विषय लगेच संपवतो. जीएसटी कायद्यात अटक करण्यासाठी आयुक्तांची लेखी परवानगी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर वॉरंट पाठवून अटक होत नाही, आणि ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. कराची रक्कम पोर्टलवर तयार झालेल्या चलनानेच भरली जाते. त्या चलनावर 14 अंकी क्रमांक असतो आणि पैसे थेट सरकारी खात्यात जमा होतात. एखाद्या व्यक्तीच्या नावाच्या यूपीआय खात्यावर कर, दंड किंवा ‘तडजोडीची रक्कम’ मागणारा माणूस अधिकारी असूच शकत नाही. त्याच्याशी वाद घालू नका. त्याचा क्रमांक, आलेले संदेश आणि तो कागद यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. पैसे आधीच गेले असतील तर पहिल्या काही तासांतच हा फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वात जास्त असते.

हातात आलेला कागद खरा की खोटा, हे ताडून पाहण्याची सोय सरकारनेच केलेली आहे. राज्याच्या किंवा केंद्राच्या अधिकाऱ्याने जीएसटी पोर्टलवरून काढलेल्या नोटिशीवर एक संदर्भ क्रमांक असतो, आणि तो लॉगिन न करताही पोर्टलवर टाकून तपासता येतो. केंद्रीय कार्यालये पोर्टलबाहेरून जी समन्स व पत्रे पाठवतात, त्यांवर नोव्हेंबर 2019 पासून डिन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. प्राप्तिकर विभागाच्या पत्रांवरही ऑक्टोबर 2019 पासून असा क्रमांक असतो. पडताळणीचे पान मात्र स्वतः पत्ता टाइप करून उघडावे. नोटिशीतच दिलेल्या दुव्यावरून कधीही जाऊ नये, कारण खोटी नोटीस पाठवणारा पडताळणीचे खोटे पानही तयार करून ठेवू शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नोकरदार माणसाच्या पॅनवर एवढी उलाढाल आली कुठून? जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात, जसे महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30, गुजरातचे 24. त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे नोंदणीधारकाचा पॅन. आपल्या भावाच्या पॅनवर कोणी नोंदणी घेतली असेल, तर त्या क्रमांकाच्या पोटात भावाचाच पॅन बसलेला असतो आणि त्या क्रमांकावर दाखवलेली विक्री प्राप्तिकर विभागाच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, भावाच्या नावापुढे येऊन उभी राहते. नोंदणी करताना मोबाइल क्रमांक आणि ईमेल मात्र त्या टोळीने स्वतःचे दिलेले असतात. त्यामुळे जीएसटीच्या नोटिसा, स्मरणपत्रे, अगदी एकतर्फी आदेशही त्यांच्याच मेलवर जातात, आणि आपल्या माणसाला पहिली खबर लागते ती दीड-दोन वर्षांनी, प्राप्तिकराच्या मार्गाने.

हे लोक त्या नोंदणीवर बहुधा मालाची देवाणघेवाण करतच नाहीत. ते फक्त बिले फाडतात. ती बिले विकत घेणारा व्यापारी त्यांच्या आधारे इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेतो आणि सरकारला देय असलेला कर वाचवतो. काही महिन्यांनी विवरणपत्रे भरणे थांबते, टोळी पुढच्या पॅनकडे वळते आणि मागे उरतो तो एका गवंड्याचा, शेतमजुराचा किंवा कामगाराचा पॅन. हे प्रमाण लहान नाही. 16 मे ते 15 जुलै 2023 या काळात केंद्र व राज्यांनी मिळून देशभर जी शोधमोहीम घेतली, तीत 21,791 नोंदणीकृत आस्थापना जागेवर अस्तित्वातच नसल्याचे आढळले आणि सुमारे 24,010 कोटी रुपयांच्या करचुकवेगिरीचा संशय नोंदवला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये नोएडा पोलिसांनी उघडकीस आणलेल्या एका प्रकरणात अडीच हजारांहून अधिक बोगस फर्म होत्या.

मग पहिले काम कोणते? आज संध्याकाळीच जीएसटी पोर्टलवर जाऊन करदाता शोधण्याच्या सुविधेत पॅनवरून शोध घ्या. लॉगिन लागत नाही. भावाचा पॅन टाकला की त्यावर कोणत्या राज्यात कोणकोणते जीएसटी क्रमांक काढले गेले आहेत, ते दिसते. एकच असेल असे समजू नका. एकाच पॅनवर तीन राज्यांत नोंदण्या निघालेल्या मी पाहिल्या आहेत. प्रत्येक क्रमांक उघडून व्यापाराचे नाव, पत्ता, नोंदणीची तारीख, भरलेली विवरणपत्रे आणि अधिकारक्षेत्र यांचे पान छापून ठेवा. अधिकारक्षेत्राची ओळ नीट वाचा, कारण नोंदणी राज्याच्या ताब्यात आहे की केंद्राच्या, हे तिथेच कळते आणि तक्रार त्याच कार्यालयात द्यावी लागते. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनोन्महिने पडून राहतो.

पॅनच्या गैरवापराची तक्रार पोर्टलवरही करता येते आणि ती संबंधित अधिकाऱ्याकडे जाते. ती जरूर करा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या कार्यालयात स्वतः जाऊन किंवा नोंदणीकृत टपालाने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. या अर्जातील शब्दांबाबत मला फार आग्रहाने सांगायचे आहे. ‘माझी नोंदणी रद्द करावी’ असे कधीही लिहू नका. ती नोंदणी आपली नाहीच. ‘सदर नोंदणी मी घेतलेली नाही, त्यासाठी अर्ज केलेला नाही, कोणाला अधिकार दिलेला नाही, ती माझ्या कागदपत्रांचा गैरवापर करून फसवणुकीने मिळवलेली असल्याने जीएसटी कायद्याच्या कलम 29 नुसार नोंदणीच्या मूळ तारखेपासून रद्द करावी’ असे लिहा. काही एजंट सुचवतात की पासवर्ड रिसेट करून घेऊ, काहीच व्यवहार नाही असे दाखवणारी शून्य विवरणपत्रे भरू आणि नोंदणी रद्द करण्याचा नेहमीचा अर्ज करून मोकळे होऊ. हा सल्ला घातक आहे. तो अर्ज धंदा बंद करणाऱ्या व्यापाऱ्यासाठी असतो. तो केला म्हणजे धंदा माझाच होता, अशी लेखी कबुली दिल्यासारखे होते, आणि नोंदणी रद्द झाली तरी मागच्या काळाची कराची जबाबदारी अंगावर राहते.

त्याच अर्जात आणखी एक मागणी करा. नोंदणी करताना दिलेला मोबाइल क्रमांक, ईमेल, बँक खाते, जागेची कागदपत्रे आणि विवरणपत्रे कोणत्या आयपी पत्त्यावरून भरली गेली त्याची नोंद, या सर्वांचा तपास व्हावा आणि त्या कागदांच्या प्रती मिळाव्यात, असे लिहा. नोंदणीनंतर बँक खात्याची माहिती 30 दिवसांत द्यावी लागते, त्यामुळे कागदोपत्री एखादे खाते असतेच. ते खाते कोणी चालवले, पैसे कोणी काढले, यावरून खरा सूत्रधार सापडू शकतो. अशा व्यवहाराचा फायदा ज्याने घेतला आणि ज्याच्या सांगण्यावरून तो झाला, त्याच्यावर दंड बसवण्याची तरतूद कलम 122 मध्ये 1अ या पोटकलमाने केलेली आहे. अर्जात तिचा उल्लेख करावा.

हे कागद का मागायचे, ते एका प्रसंगावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गवंडी आले होते. दुचाकीच्या कर्जासाठी त्यांनी एका माणसाला पॅन, आधार आणि चार फोटो दिले होते. कर्ज मिळाले नाही आणि कागद परत मागायचे सुचले नाही. पुढे त्यांच्या नावावर दुसऱ्या जिल्ह्यात भंगाराच्या व्यापाराची नोंदणी निघाली. पहिली नोटीस आली तेव्हा त्यांनी ती देवघरातल्या फोटोमागे ठेवली आणि दीड वर्ष कोणाला दाखवली नाही. माझ्यासमोर त्यांनी ती उलगडली तेव्हा घड्यांवर कागद फाटायला आला होता आणि कडांना हळदकुंकू लागले होते. आम्ही नोंदणीचे कागद मागवले. जागेच्या भाडेकरारावर त्यांची म्हणून जी सही होती, ती सफाईदार, तिरक्या इंग्रजीत होती. हे गृहस्थ सही करतात ती मराठीत, एकेक अक्षर दाबून, आणि शेवटच्या अक्षराचा काना कागदातून आरपार उमटतो. अधिकाऱ्यांनी जबाब घेताना कोऱ्या कागदावर त्यांच्या सह्या घेतल्या आणि करारनाम्याशेजारी तो कागद ठेवला. नोंदणी मुळापासून रद्द झाली, पण त्याला सात महिने लागले, कारण दरम्यान कर भरण्याचा एकतर्फी आदेश निघून गेला होता. नोटीस आली त्याच आठवड्यात ते आले असते तर तो आदेश निघालाच नसता, याची हळहळ मला आजही वाटते.

आपल्या भावाच्या बाजूने पुरावा भक्कम आहे आणि तो बहुतेक घरातच असेल. त्याच्या पगारपत्रकावर दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये, असा वर्षाला 2,500 रुपये व्यवसाय कर कापला जात असणार. हा कर 1975 च्या राज्य कायद्यानुसार मालक कापून घेतो आणि तो ज्या राज्य विभागाकडे जातो, त्याच विभागाकडे आता आपण तक्रार घेऊन जाणार आहात. ज्या काळात तो दुसऱ्या गावात कोटीचा व्यापार करत असल्याचे दाखवले आहे, त्या काळातील पगारपत्रके, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, कारखान्याचे हजेरीपट आणि त्याच्या खऱ्या बँक खात्याचा उतारा अर्जाला जोडा. नोंदणीच्या दिवशी तो पहिल्या पाळीत कामावर होता, हे मस्टरवरून दिसले तर त्याला फार वजन येते.

यानंतर पोलीस ठाणे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66क (इंग्रजीत 66C) ओळखचोरीसाठी आहे आणि त्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तोतयेगिरी करून फसवणूक आणि बनावट दस्तऐवज यांसाठी भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र कलमे आहेत. गुन्हा आमच्या हद्दीत घडलेला नाही, या कारणाने तक्रार नाकारता येत नाही, कारण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत हद्दीचा विचार न करता माहिती नोंदवून घेण्याची तरतूद आहे. तरीही नोंद झाली नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावी. प्राथमिक खबर, म्हणजे एफआयआर, दाखल व्हायला वेळ लागला तरी तक्रारीची दिनांकित पोच हाती असू द्या, कारण कर अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतात की आपल्या नावाचा गैरवापर झाला, तर आपण पोलिसांकडे कधी गेलात?

प्राप्तिकराच्या नोटिशीला तिच्यात दिलेल्या मुदतीत, ई-फायलिंग पोर्टलवरूनच उत्तर द्या. जीएसटी कार्यालयाची पोच आणि पोलीस तक्रार दोन्ही त्यासोबत जोडा. मुदत अपुरी वाटत असेल तर ती संपण्याआधीच वाढवून मागा. शिवाय एआयएसमध्ये त्या उलाढालीच्या नोंदीसमोर अभिप्राय देण्याची सोय आहे. तिथे ही माहिती आपल्याला मान्य नाही, असे नोंदवा. जीएसटीच्या बाजूने कर निश्चितीचा आदेश आधीच निघालेला असेल, तर अपिलाची मुदत आदेश कळवल्यापासून तीन महिने असते, सबळ कारण असल्यास आणखी एक महिना मिळू शकतो, आणि वादातील कराच्या दहा टक्के रक्कम आधी भरावी लागते. अठरा हजार पगाराच्या माणसाने ती कोठून आणावी? म्हणून जिथे आदेश स्पष्टपणे परक्या ईमेलवर बजावून एकतर्फी काढलेला असतो, तिथे आम्ही रिट याचिकेचा, म्हणजे थेट उच्च न्यायालयात दाद मागण्याचा, मार्ग तपासतो. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालेले आहे आणि सांगली जिल्हा त्याच्या कक्षेत येतो, त्यामुळे यासाठी आता मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. मात्र हे पाऊल वकिलांचा सल्ला घेऊनच टाकावे.

राहिला प्रश्न नव्या नियमांचा. 1 नोव्हेंबर 2025 पासून कमी जोखमीच्या अर्जदारांना तसेच नोंदणीकृत ग्राहकांना केलेल्या विक्रीवर दरमहा अडीच लाखांपेक्षा जास्त कर होणार नाही असे सांगणाऱ्या अर्जदारांना तीन कामकाजी दिवसांत नोंदणी मिळू लागली. प्रामाणिक लहान व्यापाऱ्यासाठी हे चांगलेच आहे. दुसऱ्या बाजूला नोंदणीसाठी आधार प्रमाणीकरण ऑगस्ट 2020 पासून आले, आणि संशयास्पद वाटणाऱ्या अर्जदाराला केंद्रावर बोलावून बोटांचे ठसे व छायाचित्र घेण्याची पद्धत महाराष्ट्रात 2025 मध्ये लागू झाली. केवळ पॅनची झेरॉक्स मिळवून नोंदणी काढणे त्यामुळे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. मात्र ज्या अर्जदाराला केंद्रावर बोलावले जात नाही, त्याचे प्रमाणीकरण ओटीपीवर होते. म्हणून आता टोळ्यांची नजर आधारशी जोडलेल्या मोबाइल क्रमांकावर आहे. 2023 च्या सुरुवातीला गुजरातमधील पालिताणा येथे नेमके हेच उघड झाले होते. सरकारी योजनेचा लाभ मिळेल, असे सांगून गरीब लोकांना आधार केंद्रावर नेण्यात आले, त्यांच्या आधारला दुसरेच मोबाइल क्रमांक जोडण्यात आले आणि त्या क्रमांकांवर आलेल्या ओटीपीवर नोंदण्या काढण्यात आल्या.

म्हणून भावाच्या आधारला कोणता मोबाइल जोडलेला आहे, हे आजच तपासा. आधार प्राधिकरणाच्या, म्हणजे यूआयडीएआयच्या, संकेतस्थळावर आधार कधी, कुठे वापरले गेले याचा गेल्या सहा महिन्यांचा इतिहास दिसतो. तो काढून त्याची प्रत ठेवा आणि बोटांच्या ठशांवरून आधार वापरता येऊ नये म्हणून बायोमेट्रिक लॉक लावा. त्याच्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर दिसते. तिथे अनोळखी क्रमांक आढळला तर तो आपला नसल्याचे तिथल्या तिथेच कळवता येते. त्याच्या नावाने कर्ज काढले गेले असण्याचीही शक्यता असते, त्यामुळे वर्षातून एकदा मोफत मिळणारा पतअहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून मागवा. यापुढे कुठेही झेरॉक्स द्यावी लागली तर पॅनच्या चित्रावरूनच तिरकी ओळ लिहून, ‘फक्त अमुक कामासाठी’ असे कारण, तारीख आणि सही टाकून ती द्या. आधार मागितले तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्या.

भावाला घेऊन कार्यालयात जाल तेव्हा पॅन, आधार आणि पगारपत्रकांच्या मूळ प्रती बरोबर ठेवा आणि अर्जाच्या तीन प्रती न्या. एक तिथे द्यावी, एकीवर शिक्का व तारीख घेऊन परत आणावी आणि तिसरी पोलीस तक्रारीला जोडावी. जबाब नोंदवला गेला तर तो मराठीत घ्यावा, अशी विनंती करा, पूर्ण वाचून झाल्यावरच भावाने सही करावी, आणि ती सही त्याच्या नेहमीच्या वळणाचीच असावी.